विनेश फोगाट: एवढी लोकप्रिय मल्ल, तरी तिला रस्त्यावर का बसावे लागले?

७ ऑगस्ट २०२४ ची दुपार. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठ-दहा मुली एकाच मोबाइलभोवती जमल्या होत्या. विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम कुस्तीआधीच बाद झाल्याची बातमी नुकतीच आली होती. वजन शंभर ग्रॅमने जास्त भरले, एवढेच कारण. मी त्यांना वजनाचा नियम समजावून सांगत होते, तेवढ्यात कबड्डी खेळणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, नियमाचं कळलं. पण ती एवढी मोठी खेळाडू होती, तर मागच्या वर्षी पोलीस तिला रस्त्यावरून उचलून का नेत होते?"

त्या दिवशी मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. ज्या मुलीला सारा देश ओळखतो, जिची पदके सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहेत, तिलाही साधी तक्रार नोंदवून घ्यायला फुटपाथवर बसावे लागत असेल, तर लोकप्रियता म्हणजे नेमके काय असते? ती कुणाच्या उपयोगी पडते आणि कधी पडत नाही? विनेशची कारकीर्द हे समजून घेण्यासाठी फार महत्त्वाचे उदाहरण आहे. म्हणून हा लेख.

बलाली ते मॅट

विनेशचा जन्म २५ ऑगस्ट १९९४ चा, हरियाणातल्या बलाली गावातला. हे गाव आता चरखी दादरी जिल्ह्यात येते. वडील राजपाल बसचालक होते. विनेश नऊ वर्षांची असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. पुढे आई प्रेमलता यांनी लेकरांना वाढवले. काका महावीर सिंग फोगाट स्वतः मल्ल होते. ते आपल्या मुलींना, गीता आणि बबिता यांना, कुस्ती शिकवत होते. त्याच आखाड्यात विनेश आणि तिची बहीण प्रियंका उतरल्या.

त्या काळाचा आणि त्या भागाचा विचार करा. २०११ च्या जनगणनेत हरियाणात दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८३४ मुली होत्या. याच राज्यातल्या पानिपतमध्ये जानेवारी २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेची सुरुवात झाली. जिथे मुलगी जन्माला येणेच अवघड, तिथे मुलींनी केस कापून, मुलांबरोबर मातीत कुस्ती खेळणे गावाला सहज पचणारे नव्हते.

महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ च्या अथेन्स स्पर्धेपासून, आणि तीही फक्त फ्रीस्टाइल प्रकारात. ज्यांनी कुस्ती जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पायांवर हल्ला करता येतो, पट काढता येतो. आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीला हाच प्रकार जवळचा. लढत मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर कुस्ती तिथेच संपते, नाहीतर गुणांवर निकाल लागतो.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच फ्रीस्टाइल प्रकारात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण मुलींसाठी तालमीचे दार आपल्याकडेही उशिराच उघडले. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.

कारकीर्द एका नजरेत

विनेशने काय मिळवले ते आधी एकत्र पाहू. वादाच्या बातम्यांमध्ये तिचा खेळच अनेकदा मागे पडतो.

- २०१४: ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ४८ किलो गटात सुवर्ण, इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य.
- २०१६: रिओ ऑलिंपिक. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सुन यानानविरुद्ध गुडघा दुखावला. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार.
- २०१८: गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० किलो गटात सुवर्ण. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल.
- २०१९: जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५३ किलो गटात कांस्य आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता.
- २०२०: खेलरत्न पुरस्कार.
- २०२१: टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पराभव.
- २०२२: बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सलग तिसरे सुवर्ण. जागतिक स्पर्धेत दुसरे कांस्य. जागतिक स्पर्धेत दोन पदके मिळवणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल ठरली.
- २०२४: पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचणारी पहिली भारतीय महिला मल्ल, आणि दुसऱ्या सकाळी अपात्र.

४८, ५० आणि ५३ अशा तीन वजनगटांत दहा वर्षे आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकून राहणे फार थोड्या मल्लांना जमते. त्यात गुडघ्याच्या दोन गंभीर दुखापती. रिओमध्ये तिला स्ट्रेचरवरून मॅटबाहेर नेले गेले आणि त्याच दिवशी साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले. भारतीय महिला मल्लाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. एकाच संघातल्या दोघी मैत्रिणी. एक हार घालून परतली, दुसरी कुबड्या घेऊन.

पदक हुकले की प्रेम आटते

डिसेंबर २०१६ मध्ये 'दंगल' चित्रपट आला आणि फोगाट हे नाव घरोघरी पोहोचले. त्या चित्रपटात विनेशची कथा नव्हती, पण लोकांच्या मनात ती त्याच कुटुंबातली धाकटी मुलगी म्हणून जाऊन बसली. २०१८ च्या सुवर्णानंतर तर ती टोकियोमध्ये पदक आणणारच, असे सगळे गृहीत धरून चालले. टोकियोत तिला ५३ किलो गटात अव्वल मानांकन होते.

ती हरली. त्यानंतर काही दिवसांतच भारतीय कुस्ती महासंघाने बेशिस्तीचा ठपका ठेवून तिला तात्पुरते निलंबित केले. संघासोबत राहिली नाही, सराव केला नाही, अधिकृत पोशाख घातला नाही, असे आरोप होते. तिने माफी मागितली. पण त्या पराभवानंतर आपल्याला 'खोटे नाणे' म्हटले गेले आणि मानसिकदृष्ट्या आपण पार कोलमडलो होतो, असे तिने नंतर जाहीरपणे सांगितले.

समाजशास्त्रात प्रतीकात्मक भांडवल अशी एक संकल्पना आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांनी ती मांडली. मान, कीर्ती, प्रतिष्ठा हेही पैशासारखे एक भांडवलच असते आणि माणूस ते वापरून पद, संधी, संरक्षण मिळवू शकतो. मात्र या भांडवलाचे मोल दुसरे लोक ठरवतात. पैसा बँकेत असतो. कीर्ती लोकांच्या आणि सत्तेच्या मर्जीत असते. खेळाडू जिंकतो तोवर तिचा भाव चढा असतो. तो हरला की भाव पडतो. आणि त्याने सत्तेला प्रश्न विचारला तर? ते २०२३ मध्ये दिसले.

जंतरमंतर: तारखा लक्षात ठेवा

१८ जानेवारी २०२३ रोजी विनेश, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीच्या जंतरमंतरवर धरण्याला बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजपचे तत्कालीन खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप त्यांनी केले. सिंह यांनी हे आरोप सुरुवातीपासून नाकारले आहेत. क्रीडा मंत्रालयाने मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मल्ल उठले.

तीन महिने गेले. समितीचा अहवाल जाहीर झाला नाही. २१ एप्रिलला मल्लांनी दिल्ली पोलिसांकडे लेखी तक्रारी दिल्या. गुन्हा दाखल झाला नाही. २३ एप्रिलला ते पुन्हा जंतरमंतरवर आले आणि सात महिला मल्ल सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २८ एप्रिलला, प्रकरण न्यायालयासमोर आल्यावर, दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवतो असे सांगितले. त्या दिवशी दोन एफआयआर दाखल झाले. त्यातला एक पॉक्सो कायद्याखाली होता.

२८ मे रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन होते. मल्ल महिला महापंचायतीसाठी तिकडे निघाले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि जंतरमंतरवरचे तंबू हटवले. विनेश आणि तिची बहीण संगीता रस्त्यावर पडलेल्या, अंगावर पोलीस, हातात तिरंगा, ही छायाचित्रे जगभर गेली. मल्लांवरच दंगलीसारख्या कलमांखाली गुन्हे दाखल झाले. ३० मे रोजी ते पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. शेतकरी नेत्यांनी समजूत घालून त्यांना परत आणले.

पुढचे थोडक्यात. जून २०२३ मध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. सिंह यांनी गुन्हा नाकारला आणि खटला पुढे सुरू झाला. पॉक्सोच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी आधीचे म्हणणे मागे घेतले, पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि तो न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्वीकारला. कोण दोषी, कोण निर्दोष, हे न्यायालय ठरवेल. आपल्याला इथे वेगळी गोष्ट पाहायची आहे: तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा कुठे होती?

डिसेंबर २०२३ मध्ये महासंघाची निवडणूक झाली आणि सिंह यांचे निकटवर्तीय संजय सिंह अध्यक्ष झाले. साक्षीने कुस्ती सोडली. बजरंगने पद्मश्री आणि विनेशने खेलरत्न व अर्जुन पुरस्कार दिल्लीच्या रस्त्यावर ठेवले. प्रतिष्ठा दिली होती ती परत घ्या, असे म्हणण्याची वेळ देशाच्या सर्वोत्तम खेळाडूंवर आली.

कायदा काय सांगतो

आपल्या कार्यकर्त्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा.

पहिली गोष्ट, एफआयआर. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच दिला होता. म्हणजे २०२३ मध्ये मल्ल कुठलीही सवलत मागत नव्हते. दहा वर्षांपूर्वी ठरलेला नियम पाळा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठीही सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

दुसरी गोष्ट, अंतर्गत समिती. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्यातल्या 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि प्रशिक्षणाच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला हवी, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तरीही मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कुस्ती महासंघासह अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा पाठवाव्या लागल्या, कारण त्यांच्याकडे नियमानुसार समितीच नव्हती.

खेळाडूची निवड, शिबिर, प्रवास, दंड, सगळे महासंघाच्या हातात. तक्रार करायची तीही त्याच महासंघाकडे. अशा रचनेत पदकविजेती असो की नवखी, दोघींचा आवाज तिथेच अडतो. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. खेळाडूंची सुरक्षितता आणि तक्रार निवारण यांची तरतूद त्यात आहे. ती कागदावर राहते की मैदानावर येते, यावर लक्ष ठेवणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.

पॅरिस: एक दिवस आणि एक सकाळ

आंदोलनाच्या काळात सराव जवळजवळ बंद होता. ऑगस्ट २०२३ मध्ये विनेशच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ५३ किलो गटातली ऑलिंपिक जागा तरुण मल्ल अंतिम पंघालने जागतिक स्पर्धेतल्या कांस्यपदकाने मिळवून दिली. म्हणून विनेशला ५० किलो गटात उतरावे लागले. तिचे नेहमीचे वजन त्याहून बरेच जास्त. एप्रिल २०२४ मध्ये तिने बिश्केकमध्ये पात्रता मिळवली.

६ ऑगस्टला पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी. टोकियोची सुवर्णविजेती, चार वेळची जगज्जेती. परदेशी मल्लाविरुद्ध ती तोवर एकदाही हरलेली नव्हती. विनेश शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ०-२ ने मागे होती. मग तिने सुसाकीला खाली घेतले आणि दोन गुण मिळवले. जपानचे अपील फेटाळले गेल्याने आणखी एक गुण मिळाला. ३-२. त्यानंतर युक्रेनची ओक्साना लिवाच ७-५ आणि क्युबाची युस्नेलिस गुझमान ५-०. एका दिवसात तीन कुस्त्या आणि रौप्यपदक निश्चित.

आता वजनाचा नियम. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक वजनगटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. मल्ल पहिल्या वजनाआधी जेवण-पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवतात. वजन झाल्यावर अंगात ताकद यावी म्हणून खातात-पितात. दिवसभर लढायचे तर पाणी लागतेच. त्या रात्री विनेशचे वजन दोन किलोंहून जास्त झाले होते. रात्रभर ती झोपली नाही. व्यायाम केला, घाम काढला, केस कापले. तरीही सकाळी काटा ५० किलो १०० ग्रॅमवर थांबला. नियमाप्रमाणे ती अपात्र ठरली आणि सर्वात शेवटच्या क्रमांकावर गेली. आदल्या दिवशीचे तिन्ही विजय हिशोबातून गेले. गुझमान अंतिम फेरीत खेळली आणि अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटने सुवर्ण जिंकले. याच हिल्डेब्रँटला हरवून विनेशने २०१९ मध्ये टोकियोची पात्रता मिळवली होती.

दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, विनेशने निवृत्ती जाहीर केली. संयुक्त रौप्यपदकासाठीचे तिचे अपील क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला फेटाळले.

नियम सर्वांना सारखा होता आणि तो मोडला गेला, हे मान्य करायला हवे. कटकारस्थानाच्या कथा समाजमाध्यमांवर खूप फिरल्या. त्यांना पुरावा नाही. पण वर्षभर सराव हुकलेली, शस्त्रक्रियेतून उठलेली मल्ल आपला नेहमीचा गट सोडून खालच्या गटात का उतरली, हा प्रश्न नियमाच्या बाहेरचा आहे आणि त्याचे उत्तर जंतरमंतरवर आहे.

एकाच वर्षात दोन गर्दी

१७ ऑगस्ट २०२४ ला विनेश दिल्लीच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिला न्यायला हजारो लोक आले होते. उघड्या गाडीतून मिरवणूक निघाली. गावोगाव थांबत ती मध्यरात्री बलालीला पोहोचली. पंतप्रधानांनी तिचे कौतुक केले. हरियाणा सरकारने रौप्यविजेत्यासारखा सन्मान देऊ असे जाहीर केले. त्याच वेळी तिच्या तयारीवर सरकारने सुमारे ७० लाख रुपये खर्च केले, याचा हिशोब क्रीडामंत्र्यांनी लोकसभेत वाचून दाखवला.

२०२३ मध्ये तिच्या बाजूने शेतकरी संघटना, खाप पंचायती, विद्यार्थी, महिला संघटना उभ्या राहिल्या. पण कोट्यवधी चाहत्यांचा मोठा भाग गप्प होता. खेळाडूंनी राजकारण करू नये, असे अनेक जण म्हणत होते. क्रिकेटमधली बहुतेक मोठी नावेही बोलली नाहीत. २०२४ मध्ये तीच मुलगी रडत परतली तेव्हा सगळे हळहळले. दुःखी विनेश सर्वांना आपली वाटली. चिडलेली, प्रश्न विचारणारी विनेश मात्र थोड्यांनाच आपली वाटली होती. 'देशाची लेक' या शब्दांत ही अट लपलेली असते. लेकीने जिंकावे किंवा रडावे. तिने घरातल्या कर्त्या माणसाकडे बोट दाखवले की ती हट्टी ठरते. पितृसत्ता आपल्या घरात अशीच चालते आणि देशाच्या घरातही.

टीकाही ऐकली पाहिजे

विनेशला प्रश्नांच्या वर ठेवायचे कारण नाही. २०२३ च्या आशियाई स्पर्धेसाठी तिला आणि बजरंगला निवड चाचणीतून सूट मिळाली. त्याविरुद्ध अंतिम पंघालसारखे तरुण मल्ल उभे राहिले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, पण तरुणांची तक्रार रास्त होती. न्याय मागणाऱ्याने दुसऱ्याची संधी हिरावली जात नाही ना, हे पाहायला हवे. पुढे दुखापतीमुळे विनेश त्या स्पर्धेत खेळलीच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती काँग्रेसमध्ये गेली आणि जुलानामधून आमदार झाली. आंदोलन आधीपासूनच राजकीय होते, असे विरोधकांना म्हणायला कारण मिळाले. राजकारणात जाणे हा तिचा हक्क आहे, आणि या टीकेने तक्रारदार महिलांच्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. पण एक आकडा लक्षात घ्या. विमानतळापासून गावापर्यंत गर्दी जमवणारी विनेश ६,०१५ मतांनी निवडून आली, आणि तिचा पक्ष राज्यात हरला. मिरवणुकीतली गर्दी आणि मतपेटीतले मत यात बरेच अंतर असते. आपल्या चळवळीतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

डिसेंबर २०२५ मध्ये, आई झाल्यानंतर काही महिन्यांनी, तिने निवृत्ती मागे घेत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे ध्येय जाहीर केले.

आपल्या मुलींसाठी यातून काय घ्यायचे

अभ्यासिकेतल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. विनेशकडे पदके होती. तिच्यामागे जमीन असलेला, राजकीय वजन असलेला जाट समाज होता. वकील होते, कॅमेरे होते. एवढे सगळे असूनही एका एफआयआरसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मग आपल्या वस्तीतली, मोलमजुरी करणाऱ्या आईबापाची मुलगी कबड्डीच्या शिबिराला गेली आणि तिथे तिच्याशी कुणी वाईट वागले, तर ती कुणाकडे जाणार? तिच्याकडे पदक नाही, पाठीशी गर्दी नाही. तिला तर लोकप्रियतेचा आधारच नाही. तिला आधार असेल तो फक्त चालणाऱ्या नियमाचा.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी तिच्या शाळेत गेले आणि तक्रार समितीबद्दल विचारले. भिंतीवर फलक होता. त्यावर जी नावे होती त्यातल्या दोन बाईंची बदली होऊन बराच काळ झाला होता. फोन नंबर लागत नव्हता. कुणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. कुणी कधी विचारलेच नव्हते. आम्ही पालकांना घेऊन दोनदा गेलो, तेव्हा फलक बदलला. नवीन नावे लागली आणि मुलींना एकत्र बसवून ती सांगितली गेली.

हे काम प्रत्येक वस्तीतले तरुण करू शकतात. काही गोष्टी लिहून ठेवा:

- आपल्या शाळा, महाविद्यालय, क्रीडा संकुल, तालीम यांच्याकडे अंतर्गत समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे आणि नंबर चालू आहेत का, हे विचारा. लेखी विचारा.
- दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते.
- मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायदा लागू होतो. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हाही गुन्हा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ हवा.
- पीडित मुलगी अनुसूचित जातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही पाहा. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे हा कायदा आपल्यालाही लागू होतो. या कायद्याखाली एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीत स्पष्ट केले आहे.
- तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. पाठिंब्याच्या उत्साहात आपल्याच माणसांकडून ही चूक होते.

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेच्या धोक्याबद्दल देशाला सावध केले होते. त्याचा अर्थ आपण बहुतेक वेळा नेत्यांपुरता घेतो. खेळाडूंनाही तो लागू आहे. आपण खेळाडूला देवी करतो, तिच्या गळ्यात हार घालतो, आणि ती माणूस म्हणून हक्क मागायला आली की दार लावतो. विनेशचे पोस्टर भिंतीवर लावायला हरकत नाही. ती फार मोठी मल्ल आहे. पण त्या पोस्टरशेजारी समितीच्या नावांचा चालू फलक हवा.

ती कबड्डी खेळणारी मुलगी यंदा जिल्हा संघात आहे. शिबिराला जाण्याआधी तिने मला एकच गोष्ट विचारली: तिथे तक्रार कुणाकडे करायची? मी आयोजकांना फोन लावला. नाव मिळायला तीन दिवस लागले, पण मिळाले.